अकोट की अकोला? : हौशी रेडिओ संचावरील श्रवणाचा पाठ

वऱ्हाडच्या नकाशावर ओझरती नजर टाकली तरी एक गोष्ट ध्यानात येते. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आहे आणि चांदूर रेल्वेही आहे. अंजनगाव सुर्जी आहे आणि अंजनगाव बारीही आहे. नांदगाव खंडेश्वर आहे, तसेच नांदगाव पेठही आहे. अकोला जिल्ह्यात तर जिल्ह्याच्या ठिकाणाचे नाव आणि त्याच जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव यांत शेवटच्या अक्षराचाच काय तो फरक. कागदावर हा फरक ठळक दिसतो. खरखरणाऱ्या बिनतारी संचावर मात्र तो सहज पुसला जातो. अकोला आणि अकोट यांमध्ये सुमारे ४५ किलोमीटरचे अंतर असून वाटेत गांधीग्राम येथे पूर्णा नदी ओलांडावी लागते. पूर्णा दुथडी भरून वाहत असताना मदतीची नाव किंवा औषधांची पेटी चुकीच्या काठावर पोचली, तर ती परत फिरविण्यात जाणारा वेळ भरून निघत नाही. म्हणून संदेश पाठविणाऱ्याच्या आवाजाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व संदेश ऐकणाऱ्याच्या कानाला आहे.

या भागाला पुराचा अनुभव नवा नाही. वर्धा नदीला आलेल्या पुरात ३० जुलै १९९१ रोजी नागपूर जिल्ह्यातील मोवाड येथे दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्याच नदीच्या अलीकडे अमरावती जिल्ह्याचा वरूड तालुका आहे. पूर, वादळ वा भूकंप आला की विजेचे खांब आधी कोसळतात. वीज गेली की काही तासांत मोबाइलचे मनोरेही एकामागून एक मुके होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेला भूकंप, १९९९ चे ओडिशातील महाचक्रीवादळ, २००१ चा भूजचा भूकंप आणि डिसेंबर २००४ मध्ये अंदमान-निकोबारला बसलेला त्सुनामीचा तडाखा, या सर्व प्रसंगी हौशी रेडिओचालकांनी बॅटरीवर चालणाऱ्या संचांच्या साहाय्याने निरोपांची ने-आण केली. अशा सेवेसाठी संच असणे पुरेसे नाही. तो ऐकता यावा लागतो.

संच, परवाना आणि लहरी

पोलीस किंवा वन विभागाच्या बिनतारी संचावर ठराविक वाहिन्या आधीच बसवून दिलेल्या असतात. बटण दाबून वाहिनी निवडली की काम झाले. हौशी रेडिओचा प्रेषक-ग्राहक संच याहून वेगळा असतो. त्यावर विस्तीर्ण पट्ट्यातील कोणतीही वारंवारता चकती फिरवून गाठता येते. हे स्वातंत्र्य मोलाचे आहे. परंतु त्याबरोबरच नेमक्या जागी थांबण्याची जबाबदारी चालकावर येते.

असा संच वापरण्यासाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागातील बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना आवश्यक आहे. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस परीक्षा देऊन तो मिळविता येतो. माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही त्यास पात्र ठरू शकतो, ही गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. परवाना नसलेल्यांनी सराव करावयाचा असल्यास तो परवानाधारक चालकाच्या उपस्थितीत, त्याच्या केंद्रावर आणि ऐकण्यापुरताच करावा.

अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या दृष्टीने ४० मीटरचा पट्टा, म्हणजे ७,००० ते ७,२०० किलोहर्ट्झ, विशेष उपयोगी आहे. गाविलगडच्या डोंगररांगा मध्ये आल्यामुळे धारणी वा चिखलदरा परिसरातील दरीत बसलेला हातातला छोटा संच अमरावतीपर्यंत सरळ पोचत नाही. ४० मीटरची लहर मात्र दिवसा जवळजवळ डोक्यावरच्या दिशेने वर जाते आणि वातावरणाच्या आयनमंडलावरून परतून डोंगराच्या दोन्ही बाजूंस खाली येते. त्यासाठी सुमारे २० मीटर लांबीची तार जमिनीपासून पाच-सात मीटर उंचीवर आडवी ताणली तरी भागते. रात्री हीच लहर जवळची गावे सोडून दूर जाऊन पडते. अशा वेळी ८० मीटरचा पट्टा जवळच्या संपर्कास अधिक योग्य ठरतो.

आवाज जुळविण्याची रीत

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हापासून वऱ्हाडातील घरोघरी मध्यम लहरींचा रेडिओ लावण्याची रीत परिचित झाली. तेथे काटा थोडा इकडेतिकडे झाला तरी आवाज फार तर मंद होतो किंवा फाटतो. माणसाचा आवाज माणसाचाच राहतो. हौशी रेडिओवर मात्र बोलण्यासाठी बहुधा सिंगल साइडबँड ही पद्धत वापरतात. तिच्यात वाहक लहर आणि आवाजाची एक बाजू गाळून उरलेली एकच बाजू पाठविली जाते. त्यामुळे थोड्या विजेत संदेश दूर जातो. पण गाळलेली वाहक लहर ऐकणाऱ्याच्या संचात पुन्हा निर्माण करावी लागते, आणि ती नेमक्या जागी बसली नाही तर आवाजाचा सूरच बदलतो. शंभर-दोनशे हर्ट्झची चूक झाली की बोलणारा एक तर घागरीतून बोलल्यासारखा वाटतो, नाही तर बदकासारखा चिरकतो.

यासाठी प्रथम पद्धतीचे बटण योग्य जागी आहे की नाही हे पाहावे. १० मेगाहर्ट्झच्या खाली खालची बाजू, म्हणजे एलएसबी, आणि त्यावर वरची बाजू, म्हणजे यूएसबी, असा जगभरचा संकेत आहे. ४० मीटरवर वरची बाजू निवडली गेली असल्यास चकती कितीही फिरविली तरी शब्द उमगणार नाही. नवशिक्या चालकाचा बराच वेळ याच एका चुकीत वाया जातो.

पद्धत ठरल्यावर मुख्य चकती सावकाश फिरवावी. खालच्या बाजूच्या पद्धतीत वरच्या आकड्याकडून खाली यावे. आरंभी आवाज बारीक व चिरका येईल. चकती खाली आणता आणता तो भरत जाईल आणि एका जागी बोलणारा माणूस नेहमीच्या स्वरात बोलू लागेल. तेथेच थांबावे. त्याही खाली गेल्यास आवाज घोगरा होऊन शब्द पुन्हा हरवतात. वरच्या बाजूच्या पद्धतीत हाच क्रम उलटा धरावा व खालच्या आकड्याकडून वर यावे. बहुतेक आधुनिक संचांत चकतीची पावले लहान-मोठी करता येतात. पट्टा धुंडाळताना मोठे पाऊल व आवाज जुळविताना १० हर्ट्झचे लहान पाऊल ठेवावे. आवाज जुळल्यावर चकतीला कुलूप घालण्याचे बटण असते, ते दाबावे. गर्दीच्या नियंत्रण कक्षात कोणाचा तरी कोपर लागून जुळलेले केंद्र हातचे जाते, तेव्हा या छोट्या बटणाची किंमत कळते.

केवळ ऐकण्याची बाजू सरकविणे

समजा, अमरावतीचे केंद्र सर्व तालुक्यांशी एकाच वारंवारतेवर बोलत आहे. धारणीचा संच जुना आहे, बॅटरी उतरत चालली आहे आणि त्याचा आवाज दीडशे हर्ट्झने सरकला आहे. अमरावतीच्या चालकाने तो जुळविण्यासाठी मुख्य चकती फिरविली, तर त्याच्या ऐकण्याबरोबर त्याचे बोलणेही सरकते. मग दर्यापूर, मोर्शी व चांदूर रेल्वे येथील चालकांना अमरावतीच घोगरी ऐकू येऊ लागते आणि तेही आपापल्या चकत्या फिरवू लागतात. प्रत्येक कानाला थोडा निराळा सूर बरा वाटत असल्यामुळे दर खेपेला केवळ ५० हर्ट्झची सरक झाली तरी वीस खेपांत ती १,००० हर्ट्झ होते. अखेरीस ज्या केंद्राने काहीच हलविलेले नसते, तेच बोलण्याबाहेर राहते.

हा घोळ टाळण्यासाठी संचावर आरआयटी नावाची सोय असते. काही संचांवर तिलाच क्लॅरिफायर म्हणतात. हे बटण सुरू केल्यावर त्याची लहान चकती फक्त ऐकण्याची वारंवारता पुढे-मागे करते. बोलण्याची वारंवारता जागची हलत नाही. धारणीचा आवाज आरआयटीने जुळवावा, त्याचा निरोप उतरून घ्यावा आणि इतर तालुके आपल्या जागी राहू द्यावेत, हा सामूहिक संपर्काचा पहिला शिष्टाचार होय.

या सोयीचा एक धोकाही आहे. धारणीशी बोलणे संपल्यावर आरआयटी शून्यावर आणून बंद केली नाही, तर पुढचे प्रत्येक केंद्र बेसूर ऐकू येते आणि चालक दोष समोरच्याला देतो. म्हणून निरोप संपला की आरआयटी बंद, ही सवय हातालाच लागावी. संचाच्या दर्शनी पट्टीवर ती सुरू असल्याची खूण दिसते. कोणाचाही आवाज विचित्र वाटल्यास चकतीला हात लावण्यापूर्वी त्या खुणेकडे पाहावे. जुने किंवा घरी बांधलेले संच तापेपर्यंत सरकत राहतात. असा संच कामापूर्वी पंधरा-वीस मिनिटे सुरू करून ठेवणे हिताचे असते.

आवाजाची दोन बटणे

आवाज वाढविणारी बटणे दोन असतात आणि त्यांची कामे भिन्न आहेत. एएफ हे बटण शेवटी कानाला मिळणारा आवाज लहान-मोठा करते. आरएफ हे बटण अँटेनाकडून आलेला संदेश संचाच्या पहिल्या टप्प्यांत किती वाढवावा हे ठरविते. सर्वसाधारण चालक आरएफ पूर्ण उघडे ठेवून केवळ एएफशी खेळत असतो. संदेश क्षीण असताना ते योग्यच आहे. परंतु समोरचे केंद्र पुरेसे जोरदार असेल, तर दोन शब्दांच्या मधल्या शांततेत संच आपली शक्ती वाढवून सारी खरखर उचलून आणतो व ऐकणाऱ्याचा कान थकतो. अशा वेळी एएफ थोडे वाढवावे आणि आरएफ हळूहळू इतके कमी करावे की, बोलणे स्पष्ट राहून मधली खरखर मागे सरेल. चार-सहा तास सलग ऐकावयाचे असल्यास ही युक्ती फार उपकारक ठरते.

आरएफ कमी केल्यावर संदेशाची तीव्रता दाखविणारा काटा बहुतेक संचांत वर चढतो. त्यामुळे संदेश जोरदार झाला असा समज करून घेऊ नये. काट्याचे वाचन घेताना आरएफ पूर्ण उघडे असावे. या काट्यावरील एक अंश साधारणपणे ६ डेसिबेलचा, म्हणजे विद्युतदाब दुप्पट झाल्याचा निदर्शक मानतात.

स्क्वेल्च हे तिसरे बटण संदेश नसताना संच मुका ठेवते. हातातल्या छोट्या संचावर ते खरखर जेमतेम थांबेल इतकेच फिरवावे. ४० व ८० मीटरवर मात्र ते पूर्ण उघडे ठेवणे इष्ट. क्षीण आवाजात हाक मारणारे गाव खरखरीच्या तळाशीच असते. खरखर बंद करणारा चालक त्या गावालाही बंद करतो.

वऱ्हाडातील खरखर आणि तिच्यावरील उपाय

खरखर दोन प्रकारची असते : संचाच्या आतली आणि बाहेरची. ती कोठली हे ओळखण्यासाठी अँटेनाची जोडणी क्षणभर काढावी. आवाज एकदम कमी झाला तर खरखर बाहेरून येत आहे असे समजावे. ४० मीटरवर बहुधा असेच आढळते. अशा स्थितीत संचातील पूर्ववर्धक सुरू केल्याने लाभ होत नाही. संदेश आणि खरखर दोन्ही सारख्याच वाढतात. उलट, रात्री या पट्ट्याच्या लगतची परदेशी प्रक्षेपण केंद्रे जोरात येऊन संच गुदमरत असेल, तर क्षीणक, म्हणजे अ‍ॅटेन्युएटर, सुरू करावा. तसे केल्याने आवाज लहान होतो, पण बोलणे मोकळे होते.

मे अखेरीस व जूनमध्ये विजांच्या कडकडाटामुळे कानठळ्या बसविणारे तडाखे संचात येतात. संचातील स्वयंचलित नियंत्रण, ज्याला एजीसी म्हणतात, अशा तडाख्यासरशी संचाची शक्ती एकदम कमी करते. ते मंद गतीवर ठेवलेले असेल तर शक्ती परत येईपर्यंत सेकंदभर वा अधिक काळ संच बहिरा होतो आणि तेवढ्यात निरोपातील एखादा आकडा निसटतो. म्हणून विजांच्या दिवसांत एजीसी जलद ठेवावे. शांत पट्ट्यावर संथ बोलणे ऐकताना मंद गती सुखावह असते. वीज जवळ पडत असल्यास मात्र कोणत्याही बटणाचा विचार न करता अँटेना सोडवून चालकाने दूर व्हावे.

अलीकडे शेतातील पीक रानडुकरे व रोह्यांपासून वाचविण्यासाठी झटका यंत्राचे कुंपण लावण्यात येते. हे यंत्र साधारण सेकंदाला एकदा विजेचा ठोका सोडते. तार कोठे गवताला टेकली असेल, तर तेथे ठिणगी पडून तोच ठोका रेडिओवर टक-टक असा उमटतो. अशा तुटक ठोक्यांवर नॉइज ब्लँकर हे बटण उत्तम काम करते, कारण ते ठोक्याच्या क्षणापुरतेच संचाचे दार लावून घेते. पंपाच्या मोटारीची वा हलक्या प्रतीच्या दिव्यांची सलग घरघर त्याने जात नाही. शिवाय जवळचे जोरदार केंद्र चालू असता याच बटणामुळे आवाज फाटतो. गरज संपताच ते बंद करावे. आधुनिक संचांतील अंकीय खरखर-नियंत्रणालाही हाच नियम लागू आहे. ते अति वाढविल्यास बोलणे पाण्याखालून आल्यासारखे होते.

गाळणी किती अरुंद करावी?

शेजारच्या केंद्राचा अडथळा दूर करण्यासाठी संचात फिल्टर, म्हणजे ध्वनीची गाळणी, असते. बोलण्यासाठी सुमारे २,४०० हर्ट्झ रुंदीची गाळणी वापरतात. मोर्सच्या कट्ट-कडकट्टसाठी ५०० हर्ट्झ वा त्याहूनही अरुंद गाळणी चालते. खरखर आणि अडथळा कमी होतो म्हणून बोलण्याची गाळणीही अरुंद करण्याचा मोह होतो. येथे मराठी भाषेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. स्वरांचा जोर खालच्या ध्वनींत असतो, तर व्यंजनांचा भेद पुष्कळसा वरच्या ध्वनींत असतो. ‘स’चा शीत्कार तर बहुतांशी ३,००० हर्ट्झच्या वर असल्याने रेडिओवर तो मुळातच अर्धवट येतो. गाळणीची वरची कड आणखी खाली ओढली की ‘आ’, ‘ओ’ शिल्लक राहतात आणि ‘त’, ‘ठ’, ‘ट’, ‘ल’ यांचा गोंधळ होतो. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत मग काहीच अंतर उरत नाही. सात माणसांचे जेवण आणि साठ माणसांचे जेवण यांतील अंतर मात्र पूरग्रस्तांच्या छावणीत तसेच राहते.

म्हणून गाळणी सुरुवातीस रुंद ठेवावी. एखादी सलग शिट्टी आड येत असेल तर नॉच या सोयीने तेवढीच शिट्टी कापून काढावी. अडथळा एकाच बाजूने असेल तर शिफ्ट या चकतीने गाळणी दुसऱ्या बाजूस सरकवावी. या दोन्हींनी भागले नाही तरच रुंदी कमी करावी. छोट्या ध्वनिवर्धकापेक्षा कान झाकणारा हेडफोन केव्हाही चांगला. त्याने नियंत्रण कक्षातील गलकाही बाहेर राहतो.

बटणांनी जे साधत नाही ते बोलण्याच्या शिस्तीने साधावे. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर यांचा आरंभ एकच आहे. त्रेपन्न-चौपन्न यांचा शेवट एकच आहे. त्यामुळे संख्या नेहमी सुट्या अंकांनी सांगावी : ‘चार, नऊ’, ‘पाच, तीन’. गावाच्या नावाबरोबर तालुक्याचे नाव द्यावे आणि शंकेचे अक्षर शाळेतल्या रीतीने फोडून सांगावे : ‘अकोट, ट टोपीचा’, ‘अकोला, ल लसणाचा’. ऐकणाऱ्याने संपूर्ण निरोप परत वाचून दाखवावा आणि पाठविणाऱ्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय तो पोचला असे मानू नये.

शाळा व पंचायतींसाठी सराव

परवानाधारक चालकाच्या मार्गदर्शनाखाली पुढील सराव अर्ध्या तासात करता येईल.

१. पद्धत, पट्टा, आरआयटी बंद, आरएफ पूर्ण, गाळणी रुंद, स्क्वेल्च उघडे : ही सहा तपासण्या मोठ्याने म्हणत पूर्ण कराव्यात.

२. चालू असलेले एक बोलणे मुख्य चकतीने जुळवावे. नंतर चकती मुद्दाम हलवून ते पुन्हा जुळविण्याचा प्रयत्न प्रत्येकाने तीनदा करावा.

३. दोन चालक बोलत असता सरकलेल्या केंद्राचा आवाज आरआयटीने जुळवावा व ती शून्यावर आणून बंद करावी.

४. चालकाने गावांची नावे, माणसांची संख्या व औषधांचे प्रमाण असलेला दहा ओळींचा निरोप दुसऱ्या केंद्रावरून वाचवून घ्यावा. सर्वांनी तो स्वतंत्रपणे लिहावा.

५. मूळ निरोपाशी ताडून चुका मोजाव्यात व प्रत्येक चूक कोठे झाली हे ठरवावे : बटणात, बोलण्यात की लिहिण्यात.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. काही फेऱ्यांनंतर असे दिसून येते की, चुका नावे आणि आकडे यांतच साचतात. त्यामुळे आपल्या पंचायतीच्या परिसरातील सारख्या नावांच्या गावांची यादी करून ती संचाशेजारी लावून ठेवणे उपयुक्त ठरेल.

१९७८ च्या हौशी सेवा नियमांनी नैसर्गिक आपत्तीच्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांसारख्या सक्षम मुलकी अधिकाऱ्यांचे संदेश हौशी केंद्रांमार्फत पाठविण्याची वाट मोकळी करून दिली. त्या वाटेने यावयाचा संदेश कोणा एका चालकाच्या कानातून आणि पेन्सिलीतून जाणार आहे. पावसाळ्यापूर्वी तालुक्याच्या पातळीवर नावा, दोर व धान्य यांची मोजदाद होते. त्याच वेळी जिल्ह्यातील परवानाधारक चालक कोण, त्यांचे संच कोठे आणि त्यांच्याबरोबर ऐकण्याचा सराव किती जणांनी केला आहे, याचीही नोंद झाली पाहिजे. रात्रीच्या पावसात धारणीकडून क्षीण आवाजात हाक येईल, तेव्हा आरआयटी कशासाठी असते हे समजावून सांगण्यास वेळ नसेल.